रानभाजीचा वाटा, भट्टीची उचल

मृग नक्षत्र लागले की पनवेलच्या बाजारपेठेत, आणि मुंबई–गोवा महामार्गावर कर्नाळा अभयारण्याच्या आगेमागे, ठाकर व कातकरी समाजातील स्त्रिया रानभाज्या घेऊन बसू लागतात. आरंभी शेवळे आणि त्यांच्यासोबत काकडाची फळे. मग कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, दिंडा. पुढे कंटोळी, आणि पावसाळा सरतासरता करांदे. उन्हाळ्यात याच टोपल्यांत करवंदे व जांभळे असतात. या दिवसांत वर्तमानपत्रे रानभाज्यांच्या औषधी गुणांवर लेख छापतात आणि कृषी खाते गेली काही वर्षे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवीत आले आहे. भाजीचे असे कौतुक चालू असताना ती विकणाऱ्या बाईने बसावे कोठे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. वास्तविक पावसाळ्यातील त्या चार हात जागेवर दिवाळीनंतरच्या तिच्या वेठीचे माप ठरत असते.

स्वस्त अन्नाची मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या लढ्याचे मोल कोणी कमी लेखू नये. तथापि तो लढा मुख्यतः अन्न विकत घेणाऱ्यांचा होता. डॉ. लोहियांची ‘दाम बांधो’ ही मागणी याहून व्यापक होती. कारखानी मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये आणि दोन सुगींच्या दरम्यान धान्याच्या भावात अवाजवी चढउतार होऊ नये, असे तिचे स्वरूप असल्याने पिकवणारा आणि खाणारा हे दोघेही तिच्यात एका सूत्रात येत होते. पण लोहियांच्या सूत्रालाही धरून भाव बांधायला माल नोंदलेला असावा लागतो. रानभाजीची नोंद कोठेच नाही. तिला हमीभाव नाही, आधारभूत किंमत नाही आणि बाजार समितीत तिची आवकही लागत नाही.

आणखी एक अडचण आहे. महागाईविषयी बोलताना आपण सवयीने दलालाकडे बोट दाखवतो. येथे दलाल नाहीच. जी बाई भाजी खुडते तीच ती निवडते, बांधते, डोक्यावरून आणते आणि विकते. समोरचे गिऱ्हाईकही पुष्कळदा रिक्षावाला, घरकाम करणारी स्त्री किंवा गोदामातला हमाल असते. तिने भाव वाढवावा तर त्यांच्या ताटातील भाजी जाते. त्यांनी घासाघीस करावी तर तिची मजुरी जाते. दोन गरिबांना समोरासमोर बसवून अर्थशास्त्राने यांतील कोणाची बाजू घ्यावी, असा हा पेच दिसतो. तो सोडवायचा तर बाजार प्रत्यक्ष कसा चालतो हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे, हा बाजार किलोचा नसून वाट्याचा आहे. दहाचा वाटा, विसाचा वाटा, जुडी, द्रोणभर करवंदे, ही येथील मापे. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत माप स्थिर असते आणि किंमत हलते. येथे किंमत बहुधा स्थिर असते आणि वाटा लहानमोठा होतो. भाजी मुबलक असली की वाटा फुगतो, पाऊस लांबला की आकसतो. पैसे मोजणाऱ्याला आपल्या हातातली नोट किती पुरेल हे आधी कळते, ही या मापाची मोठी सोय होय. रोजंदारीवर जगणाऱ्या गिऱ्हाइकाला तेवढेच हवे असते. त्यावर ‘मावशी, वर थोडी घाला’ ही मागणी होते आणि मूठभर भाजी वर पडते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत लहान गावांच्या बाजारांत अशाच वरच्या मुठीला ‘यापा’ म्हणतात. शब्द तेथल्या केचुआ भाषेतला आहे. पेरू देशातील लारेस खोऱ्यात तर डोंगरमाथ्यावरच्या स्त्रिया बटाटे आणि खोऱ्यातल्या स्त्रिया फळे घेऊन एकत्र येतात व पैशावाचून मालाची अदलाबदल करतात. ज्या बटाट्यावाचून पनवेलच्या वडापावची गाडी एक दिवस चालणार नाही, तो मूळचा त्याच डोंगरांतला. सांगायचे ते इतकेच की वाट्याचा बाजार हा मागासलेपणाचा अवशेष नव्हे. कमी पैशात माणसांना खाऊ घालण्याची ती एक विचारपूर्वक घडलेली रीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. रानभाजी टिकत नाही. सकाळी टवटवीत असलेली फोडशी संध्याकाळी मान टाकते. बाईला गावी परतायचे असते आणि वाडीच्या फाट्यावर थांबणारी शेवटची एस.टी. चुकवून चालत नाही. म्हणून दुपार उलटली की विसाचा वाटा दहाला जातो, आणि गाडीची वेळ जवळ आली की उरलेली टोपली मागेल त्या भावात रिकामी होते. चाणाक्ष गिऱ्हाइके ही वेळ ओळखून येतात. या बाजारात भाव ठरतो तो मागणी-पुरवठ्याच्या रेषा जेथे छेदतात तेथे नव्हे, तर एस.टी.च्या वेळापत्रकात. जिला थांबता येते तिलाच भाव मिळतो. आणि थांबता येण्यासाठी निवारा, पाणी व परतीचे वाहन लागते. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. निवडणुकीच्या हिशेबाने दिलेली सवलत म्हणून अनेकांनी तिची टर उडवली. आमच्या मते भाजीबाजाराच्या बाबतीत अलीकडच्या वर्षांत सरकारने केलेली ती सर्वांत उपयुक्त गोष्ट असावी, जरी ती करताना भाजीबाजार कोणाच्या मनातही नव्हता.

‘रानातून फुकट तर आणता’, असे गिऱ्हाईक सहज बोलून जाते. या फुकटेपणाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, एका स्त्रीने एक दिवस डोंगरात भाजी गोळा केली आणि दुसरा दिवस विक्रीला दिला. तीस वाटे झाले. चोवीस वीस रुपयांनी गेले, उरलेले सहा शेवटच्या तासात दहाने गेले. हाती आले पाचशे चाळीस. त्यातून जाण्यायेण्याचे भाडे, चहा, पिशव्या, बाजाराची पावती यांचे नव्वद रुपये वजा करा. राहिले साडेचारशे, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे. २०२५–२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हा हिशेब उदाहरणादाखल आहे. कोणा दिवशी बरे मिळते, कोणा दिवशी टोपली तशीच परत न्यावी लागते. तथापि शासनाने अकुशल कामाला दिलेल्या किमान दरापेक्षाही हे काम खाली राहते, हे त्यावरून दिसावे. आणि काम मुळीच अकुशल नाही. शेवळे चुकीच्या रीतीने शिजवले तर घसा खाजतो. त्यासाठी काकडाची फळे सोबत द्यायची, कोणत्या डोंगरउतारावर कोणती भाजी कोणत्या आठवड्यात निघते हे लक्षात ठेवायचे, विषारी सोडून खाण्याजोगे तेवढे खुडायचे. हे ज्ञान विद्यापीठात मिळत नाही. बाजारात ते वाट्याबरोबर फुकट जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबांचे वर्ष दोन भागांत विभागलेले आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. भट्टीवर जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. ती अंगावरच्या कामातून फेडायची असते आणि हंगाम संपताना पुष्कळदा ती पुरती फिटलेली नसते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली, पण उचलीचा व्यवहार त्या कायद्याच्या चौकटीत नेऊन सिद्ध करणे किती अवघड असते, हे या क्षेत्रात काम केलेल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. ही उचल बहुतांशी पावसाळ्यात घेतली जाते. घरातील धान्य संपलेले, शेतीचे काम काही आठवड्यांपुरते, मूल तापाने फणफणलेले. अशा वेळी मालकाचा मुकादम पैसे घेऊन दारात येतो. शासनाला ही स्थिती ठाऊक नाही असे नाही. खावटी कर्जाची योजना याच टंचाईच्या महिन्यांसाठी होती, आणि करोनाच्या काळात, २०२० साली, तिचे अनुदानात रूपांतर करून कुटुंबाला चार हजार रुपयांची मदत, अर्धी रोख व अर्धी वस्तुरूपाने, जाहीर झाली. ती एका वर्षापुरती होती.

नेमक्या याच चार महिन्यांत रानभाजी निघते. म्हणजे मुकादमाच्या उचलीला पर्याय ठरू शकेल असे रोख उत्पन्न निसर्गाने त्याच हंगामात ठेवलेले आहे. आठवड्याला दोन बाजार नीट झाले तर मिठामिरचीचा, औषधाचा खर्च भागतो आणि अंगठा उठवण्याची वेळ पुढे ढकलता येते. कधी दहा हजारांच्या जागी पाच हजारांवर भागते. ज्या दिवशी अतिक्रमणविरोधी पथक टोपली उचलून नेते, त्या दिवशी शहराचा पदपथ मोकळा होतो आणि वाडीतील एक कुटुंब भट्टीच्या दिशेने एक पाऊल सरकते. हा संबंध पालिकेच्या दप्तरात दिसत नाही. तो आपण दाखवून दिला पाहिजे.

कायदे नाहीत म्हणून हे घडते काय? कायदे आहेत, आणि तेही चांगले. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी समाजांना दिला. वनौषधी, मुळे व कंद त्याच्या व्याख्येत येतात. २०१२ च्या सुधारित नियमांनी या वनोपजाची साठवण, वाहतूक व विक्री यांचाही त्यात स्पष्ट समावेश केला. पण कर्नाळा हे अभयारण्य आहे. १९६८ साली ते घोषित झाले तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते. २००३ साली वाढून सुमारे बारा झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे कलम २९ सांगते की अभयारण्यातून काढलेले वनोपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरते वापरता येईल, व्यापारासाठी नाही. वनहक्क कायदा तर अभयारण्यांनाही लागू आहे. तेव्हा तोच कंद डोंगराच्या एका अंगाला हक्क ठरतो आणि दुसऱ्या अंगाला गुन्हा. कोणत्या अंगाचा आहे हे टोपलीत पडल्यावर कळण्याची सोय नाही. अशा संदिग्धतेत अर्थ लावण्याचा अधिकार नेहमी गणवेशातल्या माणसाकडे जातो. त्यात रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडत नाही. म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याने अन्यत्र ग्रामसभांना गौण वनोपजाची जी मालकी दिली तिचा आधार कर्नाळ्याच्या वाड्यांना नाही. त्यांना वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावा हाच मार्ग उरतो.

डोंगर उतरून रस्त्यावर आल्यावर निराळेच राज्य सुरू होते. पनवेल–इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ते किती रखडले हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रस्ता रुंद झाला याबद्दल आमची तक्रार नाही. पण अरुंद रस्त्यावर कोठेही थांबणारी मोटार चौपदरी रस्त्यावर वेग घेते, आणि दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूची टोपली तिच्या दृष्टीने नसल्यासारखी होते. महामार्गाच्या जमिनीवरील अतिक्रमण हटवण्याचे अधिकार देणारा २००२ चा कायदा आहे. विक्रेत्यांसाठी थांबा बांधण्याचे कर्तव्य लादणारा नाही. कर्नाळ्याची खिंड ओलांडली की तारा गाव लागते. तेथे डॉ. जी. जी. पारीख यांनी उभारलेल्या युसुफ मेहेरअली सेंटरमध्ये घाणीचे तेल, साबण असे ग्रामोद्योग चालतात. डॉ. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्यातून गेले. स्थानिक मालाला रस्त्यावरचे गिऱ्हाईक मिळू शकते हे त्या ठिकाणी दिसते. मात्र तेथे छप्पर आहे, फलक आहे आणि गाडी उभी करायला जागा आहे. टोपलीवाल्या बाईजवळ यांपैकी एकही नाही, आणि ज्या वळणावर ती बसते तेथे तिचा जीवही सुरक्षित नाही.

शहरात तिसरा कायदा भेटतो. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठवता येत नाही, जेथे लोक पूर्वापार खरेदीविक्रीसाठी जमतात तो ‘नैसर्गिक बाजार’ मानावा लागतो आणि शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या असाव्या लागतात, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या. आता गोम अशी की या कायद्याची यंत्रणा नगरपालिका, महानगरपालिका यांच्याभोवती रचलेली आहे. पनवेलची महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली. तिच्या हद्दीत बसलेल्या बाईला हा कायदा लागू, कर्नाळ्याच्या रस्त्यावर बसलेल्या तिच्या बहिणीला व्यवहारात नाही. हद्दीत बसणारीचीही नोंद होईलच असे नाही. सर्वेक्षण करणारे कर्मचारी जर माघ-फाल्गुनात वही घेऊन फिरले, तर त्या वेळी ती भट्टीवर विटा थापत असते. वहीत नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून पुढच्या आषाढात ती अतिक्रमणकर्ती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वनिधी योजना आणून पथविक्रेत्यांना आरंभी दहा हजारांचे भांडवली कर्ज देऊ केले. रानभाजीवालीला भांडवल लागते किती? एक विळा, एक टोपली. तिला कर्ज नको, जागा हवी. आणि सरकारला कर्ज देणे सोपे जाते, जागा देणे जड जाते.

महोत्सवांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. रानभाजीला प्रतिष्ठा मिळाली, ती शहरी मध्यमवर्गाच्या ताटात गेली, की भाव आपोआप चढेल, असा एक विचार मांडला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण पुन्हा अँडीजकडे पाहा. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोआ या तेथील धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. जगभर मागणी उसळली, भाव कडाडले, आणि इतर देशांतही लागवड वाढताच दोन-तीन वर्षांत ते कोसळले. चढत्या भावावर विसंबून जमीन व श्रम गुंतवलेल्या डोंगरी शेतकऱ्याला हा तडाखा बसला. प्रतिष्ठेचा बाजार लहरी असतो. शिवाय रानभाजीच्या बाबतीत पुरवठ्यालाही मर्यादा आहे. शेवळ्याचा कोंब फळ धरण्याआधीच खुडला जातो. मागणी अफाट वाढली आणि कंत्राटदार डोंगरात शिरले तर दहा वर्षांत शेवळे दिसायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या खुडणाऱ्यांना कोणता उतार यंदा सोडून द्यायचा हे कळते. कंत्राटदाराला ते कळण्याचे कारण नाही. आणि उतार तरी किती राहिले? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. १९८४ च्या जानेवारीत याच प्रश्नावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. २०१३ साली ‘नैना’चे आराखडे आले, २०२५ च्या ८ ऑक्टोबरला विमानतळाचे उद्घाटन झाले. भाताच्या बांधावरचा टाकळा आणि माळावरचा कुर्डू या आराखड्यांत कोणत्याही रंगाने दाखवलेला नसतो.

मग मागायचे काय? पक्क्या इमारती मागू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्यासाठी मोक्याच्या जागा दिल्या. योजना काही वर्षांत गुंडाळली गेली. जागांवर मात्र नाना प्रकारचे धंदे उभे राहिले. स्वस्त अन्नाच्या नावाने दिलेली बांधीव जागा गरिबाच्या हातात टिकत नाही, कारण तिला बाजारात किंमत येते. गाळा बांधला की त्याचे भाडे येते, भाड्यामागून पोटभाडेकरू येतो. ज्या जागेला पोटभाडे मिळणार नाही अशीच जागा मागितली पाहिजे. अभयारण्याच्या प्रवेशद्वारालगत, वाहने सुरक्षितपणे थांबू शकतील असा एक पट्टा. त्यावर साधे छप्पर, नळ आणि स्वच्छतागृह. ताबा कोणा व्यक्तीचा नव्हे तर ग्रामपंचायतीचा, आणि बसण्याचा क्रम वाड्यांनी आपसांत ठरवलेला. पनवेल शहरात मृगापासून दसऱ्यापर्यंतचे हंगामी प्रमाणपत्र, ज्यासाठी सर्वेक्षण आषाढ-श्रावणातच व्हावे. सायंकाळी वाड्यांच्या दिशेने जाणारी एक गाडी दीड तास उशिरा सुटली तरी टोपल्या अर्ध्या भावात रिकाम्या होणे पुष्कळ थांबेल. हिने गिऱ्हाइकाचा वाटा लहान होणार नाही. आज जे दोघांच्याही हाती न लागता वाया जाते, ते बाईच्या पदरात पडेल.

यांतील पहिली मागणी ग्रामसभेच्या ठरावावाचून पुढे सरकणार नाही, आणि सामूहिक वनहक्काचा दावाही ग्रामसभेतूनच जातो. १५ ऑगस्टला ग्रामसभा भरते. तो सुटीचा दिवस, महामार्गावर सहलीच्या मोटारींची रीघ, रानभाजीच्या हंगामातील विक्रीचा उत्तम दिवस. ज्यांच्यासाठी ठराव करायचा त्या स्त्रिया त्या वेळी रस्त्यावर असतात. मुख्य ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कचेरीच्या वेळेत पंचायतीच्या इमारतीत न घेता संध्याकाळी, शेवटची एस.टी. आल्यानंतर, वाडीवर घ्यावी, असे पत्र तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामसेवकाला जुलैअखेरपर्यंत द्यावे. त्या सभेत नेण्यासाठी कोण कोठे बसते, कोणत्या महिन्यात बसते आणि मागील वर्षी किती उचल घेतली, याची यादी वाडीवाडीतून आतापासून तयार व्हावी.